चिप बदलूनही गेमचा बोर्ड पुन्हा बिघडतो? आधी पाच व्होल्ट, मग कन्सोलमधली चिप

तक्रार जवळपास नेहमी सारखीच असते. सकाळी व्हिडिओ गेम पार्लर उघडल्यावर मशीन झकास चालतं. दुपार चढली की चित्र फुटायला लागतं. हिरोच्या अंगावर रंगीत चौकोन येतात, मागच्या देखाव्यात उभ्या रेघा उमटतात आणि थोड्या वेळाने बोर्ड आपोआप रीसेट होत राहतो. मेकॅनिक एक रॅम बदलतो, गेम सुरू होतो. काही आठवड्यांत तीच रॅम, नाहीतर तिच्या शेजारची, पुन्हा जाते. नागपूरच्या महाल भागातल्या एका पार्लरवाल्या काकांनी मला विचारलं होतं, “मागच्या महिन्यातच तं बदलली ना भाऊ चिप, मंग काहून गेली पुन्हा?”

प्रश्न अगदी रास्त आहे. बोर्डात मेलेली चिप सापडते, तेव्हा ती का मेली हे शोधायचं राहून जातं. बदली चिप म्हणून मी आजही जुन्या घरगुती कन्सोलमधून, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेममधून, काढलेली चिपच सगळ्यात भरवशाची मानतो. पण ती बसवण्याआधी बोर्डाला मिळणारी वीज तपासली नाही, तर चांगल्या कन्सोलमधला चांगला भाग फुकट जातो. आता तो भाग सहज मिळतही नाही. झायलॉग कंपनीने मूळ झेड८० या प्रोसेसर चिपच्या शेवटच्या ऑर्डरी जून २०२४ मध्ये घेतल्या आणि १९७६ पासून चाललेलं ते उत्पादन थांबवलं. ऑनलाइन ‘नवीन’ म्हणून मिळणाऱ्या ६८००० (हाही एक प्रोसेसर) आणि झेड८० मध्ये जुन्या चिपा घासून वर नवा नंबर छापलेला माल बराच असतो. कन्सोलमधली चिप निदान कारखान्यात बसवलेली आणि वर्षानुवर्षं चाललेली असते.

हे सगळं लिहितोय ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून नव्वदच्या मध्यापर्यंतच्या जामा बोर्डांबद्दल. यांत मुख्य प्रोसेसर ६८०००, आवाजासाठी झेड८० आणि कडेला ५६ पिनांचा कनेक्टर असतो. जामा म्हणजे बोर्ड कॅबिनेटला जोडायची ठरलेली पद्धत, १९८५ ची. नागपुरात अजून तग धरून असलेल्या कॅबिनेटमध्ये हेच बोर्ड जास्त दिसतात. त्यातही ज्याला सगळे ‘मुस्तफा’ म्हणतात तो कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, बहुतेक वेळा नकली बोर्डावर चालणारा.

पाच व्होल्ट बोर्डावर मोजा, एसएमपीएसवर नाही

मीटर एसएमपीएसच्या (मशीनच्या पॉवर सप्लायच्या) टर्मिनलवर लावून ५.१ दिसले की बरेच जण समाधान मानतात. तो आकडा अर्धवट आहे. बोर्ड चालू असताना, कनेक्टरपासून सर्वात लांबच्या एखाद्या चिपच्या पायांवर मोजा. १४ पायांच्या नेहमीच्या ७४ मालिकेच्या आयसीला ७ नंबर ग्राउंड आणि १४ नंबर पाच व्होल्ट. ६८००० वर १४ आणि ४९ हे पाच व्होल्टचे, १६ आणि ५३ ग्राउंडचे. झेड८० वर ११ पाच व्होल्टचा, २९ ग्राउंडचा. या टीटीएल जातीच्या (पाच व्होल्टवर चालणाऱ्या) चिपांना ४.७५ ते ५.२५ या पट्ट्यात वीज लागते. मला बोर्डावर ४.९५ ते ५.०५ दिसले की मी पुढे जातो.

एसएमपीएसवर ५.१ आणि चिपवर ४.६ असेल, तर मधला अर्धा व्होल्ट वाटेत खाल्ला जातोय. तो खाणारा जवळजवळ नेहमी कडेचा कनेक्टर असतो. हिशोब साधा आहे. बोर्ड चार अँपिअर घेत असेल आणि काळवंडलेल्या संपर्कात फक्त ०.१ ओहमचा अडथळा असेल, तर तिथेच ०.४ व्होल्ट गेले. अनेक बोर्डांवर वीज साडेचारच्या आसपास घसरली की प्रोसेसरला रीसेटमध्ये धरणारी वेगळी चिप असते. ‘आपोआप रीसेट’ होतो तो यामुळे. बोर्ड सगळा ठीक असतो, फक्त उपाशी असतो.

आता मूळ दुखण्याकडे येतो. वीज कमी पडते म्हणून कोणीतरी एसएमपीएसवरचा पाच व्होल्टचा प्रीसेट (व्होल्ट कमी-जास्त करायचा पेच) फिरवतो. टर्मिनलवर ५.६ करतो, बोर्डावर ५ येतात, गेम चालू. मग कधीतरी कनेक्टर हलतो आणि संपर्क चांगला बसतो, किंवा मालक गेम बदलून कमी वीज खाणारा बोर्ड लावतो. वाटेतला घसारा नाहीसा होतो आणि ५.५ च्या वर थेट चिपांना पोचतात. तीस वर्षं जुनी रॅम हे फार दिवस सोसत नाही. नवी रॅम बसते, पण प्रीसेट तसाच राहतो. काकांच्या मशीनमध्ये हेच चाललं होतं. त्यांच्या कनेक्टरवर पाच व्होल्टच्या पिनांभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन किंचित फुगलं होतं, आणि आत पितळी पत्तीचा स्प्रिंग इतका मेला होता की बोर्ड नुसता बोटाने ओढला तरी बाहेर यायचा.

म्हणून क्रम असा ठेवा. बोर्ड काढून घ्या. प्रीसेट पूर्ण कमी करा. कनेक्टर बदला. जुना स्वच्छ करत बसू नका, तापून ढिला झालेला स्प्रिंग परत येत नाही. बोर्डाच्या कडेच्या पट्ट्या पांढऱ्या खोडरबरने घासा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॉलिश पेपर लावू नका, वरचा मुलामा निघाला की खालचं तांबं आणखी लवकर काळं पडतं. जामाला पाच व्होल्टच्या चार पिना आहेत, भागांच्या बाजूला ३ आणि ४, सोल्डरच्या बाजूला सी आणि डी. ग्राउंडला दोन्ही टोकांना मिळून आठ. कॅबिनेटमध्ये त्यातल्या एकाच पिनेवर वायर जोडून काम भागवलेलं असतं. सगळ्या पिनांवर वायर घ्या, आणि एसएमपीएसपासून पाच व्होल्ट व ग्राउंडसाठी घरच्या वायरिंगची दीडची तांब्याची वायर ओढा. मग बोर्ड लावा, मीटर लांबच्या चिपवर ठेवा आणि प्रीसेट हळूहळू वर न्या. पाचावर थांबा.

नागपूरसाठी एक गोष्ट वेगळी सांगावी लागते, ती कूलरची. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, नवतपात तर दुकानात बसवत नाही. मग पार्लरमध्ये डेझर्ट कूलर गेमच्या मागेच उभा केलेला असतो. त्याची ओली हवा थेट कॅबिनेटच्या मागच्या जाळीतून आत जाते. इथलं बोअरचं पाणी जड असतं, त्यामुळे धुळीबरोबर पांढरी खार कनेक्टरवर आणि आयसी बेसमध्ये बसते. संपर्क काळे पडण्याचं हे मोठं कारण मी वर्षानुवर्षं पाहतोय. कूलर माणसांकडे वळवा, मशीनला वेगळा १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा लावून आतली गरम हवा बाहेर काढा. कूलरची मोटर आणि गेम एका स्विचबोर्डावरच्या एकाच प्लगमधून चालवू नका.

कॅबिनेटच्या आत हात घालताना जुन्या पिक्चर ट्यूबचं भान ठेवा. तिच्या मागच्या रबरी टोपीखाली मशीन बंद असतानाही हजारो व्होल्ट साठून राहतात. बोर्डाचं काम टेबलावर करा.

मेलेली चिप ओळखणं

वीज सुधारल्यावर निम्मे बोर्ड तिथेच बरे होतात. उरलेल्यांत खरोखर एखादी चिप गेलेली असते.

बोर्डाला टेस्ट स्विच असेल तर आधी तो दाबा. जामावर तो १५ नंबर पिनेवर असतो, ती ग्राउंडला टेकवली की बरेच बोर्ड रॅम आणि रॉमची तपासणी करून कोणती जागा नापास झाली ते पडद्यावर दाखवतात. नकली बोर्डांत ही सोय कधी असते, कधी नाही. नसेल तर उष्णतेनेच शोधा. बोर्ड थंड असताना चालू करा आणि हेअर ड्रायरने एकेका भागाला थोडी ऊब द्या. चित्र फुटलं की त्या भागातल्या चिपांवर एकेक करून फ्रीझ स्प्रे मारा. जिला गार केल्यावर चित्र क्षणात जुळून येतं, ती संशयित. अंगठ्याने चाचपूनही कळतं, शेजारच्या तशाच रॅमपेक्षा एक जास्त चटका देत असेल तर तिच्यावर खूण करा.

हिरो आणि शत्रू फुटतात पण मागचा देखावा शाबूत आहे, असं असेल तर स्प्राइटच्या (हलणाऱ्या आकृत्यांच्या) बाजूची रॅम बघा. देखावा फुटतो, हिरो ठीक, तर टाइलच्या (देखाव्याच्या चौकोनी तुकड्यांच्या) बाजूची. रंगच चुकीचे असतील तर पॅलेटची (रंगांच्या यादीची). आकार बरोबर, रंग भलतेच, हे पॅलेट रॅमचं ठरलेलं लक्षण आहे.

लॉजिक प्रोब (पायावरचा इशारा दाखवणारं पेन) असेल तर रॅमच्या डेटा पायांवर सतत हालचाल दिसली पाहिजे. ६११६ रॅमला हे पाय ९, १०, ११ आणि १३ ते १७. लिहिण्याचा इशारा २१ वर, निवडीचा १८ वर, वाचण्याचा २० वर. निवड आणि वाचण्याचे इशारे येताहेत आणि एखादा डेटा पाय तरंगतोय (ना वर, ना खाली), म्हणजे चिप आतून तुटली आहे. अशा वेळी चांगली ६११६ वरून तिच्या पाठीवर दाबून धरली की चित्र सुधारतं. मात्र पाय ग्राउंडला चिकटून बसला असेल तर पाठीवरची चांगली चिप काही करू शकत नाही, तेव्हा या प्रयोगात फरक पडला नाही म्हणून रॅमला निर्दोष ठरवू नका.

कोणत्या कन्सोलमधून काय मिळतं

आपल्याकडे कॅसेटवाला टीव्ही गेम घराघरात होता. तो निन्टेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल. त्यातले जुने, जड, मोठ्या बोर्डाचे नमुने उघडले तर आत सुट्या चिपा दिसतात. त्यात २४ पायांच्या दोन रॅम असतात, एक प्रोसेसरची आणि एक चित्राची, प्रत्येकी २ किलोबाइट. हीच ६११६ ची जात, आणि हीच रॅम जामा बोर्डांवर ओळीने बसलेली असते. सोबत ७४एलएस३७३, ७४एलएस१३९ अशा चिपाही निघतात, त्यांची गरज कधीही लागते. नंतरचे हलके, स्वस्त टीव्ही गेम मात्र उघडू नका. आत एका काळ्या गोळ्याखाली सगळं एकत्र असतं, काढण्यासारखं काहीच नसतं.

रॅमवरचा छोटा आकडा वाचायला विसरू नका. हिताचीच्या एचएम६११६ वर शेवटी २ असेल तर १२० नॅनोसेकंद, ३ म्हणजे १५०, ४ म्हणजे २००. फॅमिकॉमचा प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झवर चालतो, तिथे संथ रॅमही निभावते. गेम बोर्डाच्या चित्राच्या बाजूला वेळ काटेकोर असतो. मूळ चिपपेक्षा संथ रॅम बसवली तर ती सकाळी चालेल आणि दुपारी चित्रात ठिपके देईल, आणि तुम्हाला वाटेल जुना आजार परत आला.

दुसरा दाता सेगाचा मेगा ड्राइव्ह, जपानात १९८८ चा. त्याच्या पहिल्या मोठ्या मॉडेलमध्ये ६८००० आणि झेड८० दोन्ही सुट्या, लांब पायांच्या चिपा म्हणून मिळतात. नंतरच्या छोट्या मॉडेलमध्ये त्या वेगळ्या आकारात किंवा मोठ्या चिपच्या पोटात गेल्या, तेव्हा उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मेगा ड्राइव्हमध्ये ६८००० सुमारे ७.६ मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणून त्यावर बहुधा शेवटी ८ असतो, म्हणजे आठ मेगाहर्ट्झची हमी. कॅपकॉमच्या सीपीएस १ या गेम बोर्डांच्या मालिकेत सुरुवातीच्या बोर्डांना १० लागतात, निओ जिओ या बोर्डाला आणि मूळ मुस्तफाच्या बोर्डाला १२. आठची चिप दहावर टाकली तर बऱ्याचदा ती सुरू होते. नागपुरात नेमकं यानेच गंडवलं जातं. चिप तापली की तिचा आतला वेग घटतो. जानेवारीत पास झालेली चिप एप्रिलमध्ये हँग होते. आठ मेगाहर्ट्झच्या बोर्डालाच आठची चिप लावा. १० किंवा त्यावरचा आकडा असलेली, आणि मिळाली तर एचसी अक्षरं असलेली सीमॉस जातीची चिप जपून ठेवा. ती जुन्या जातीच्या मानाने फार कमी तापते, बंद कॅबिनेटमध्ये हे सोन्यासारखं आहे.

झेड८० चं गणित सोपं आहे. मेगा ड्राइव्हमधला चार मेगाहर्ट्झचा असतो, आणि सीपीएस १ च्या साध्या आवाजाच्या बाजूला ३.५८ लागतात. चालून जातो.

काही ठिकाणी मात्र ही अदलाबदल चालत नाही. मूळ मुस्तफा बोर्डाच्या आवाजाचा झेड८० साधा नाही, त्याला काबुकी म्हणतात. तो सांकेतिक प्रोग्राम उलगडतो आणि त्याची किल्ली बॅटरीवर जिवंत असते. बॅटरी संपली की किल्ली गेली, आणि साधा झेड८० तो प्रोग्राम वाचू शकत नाही. शिवाय तिथे आठ मेगाहर्ट्झ लागतात. सेगाच्या सिस्टिम १६बी मधल्या काही बोर्डांवर ६८००० च्या जागी एफडी१०९४ नावाचा बॅटरीवाला ठोकळा असतो, त्याचीही तीच गोष्ट. दोन्हीकडे आधी उलगडलेले रॉम लिहून बसवावे लागतात, मगच साधी चिप चालते.

मेगा ड्राइव्हच्या ६४ किलोबाइट मुख्य रॅमच्या दोन चिपा २८ पायांच्या आणि दिसायला अगदी ६२२५६ या साध्या स्थिर रॅमसारख्या असतात, पण त्या छद्म-स्थिर जातीच्या आहेत, त्यांना मधूनमधून रिफ्रेश लागतं. साध्या स्थिर रॅमच्या जागी त्या बसवू नका. आवाजाची चिपही वेगळी, मेगा ड्राइव्हची वायएम२६१२ सीपीएस १ च्या वायएम२१५१ च्या जागी जात नाही. उलट सेगाची सिस्टिम सी२ ही पार्लरच्या गेम बोर्डांची मालिका मेगा ड्राइव्हच्याच कुळातली, तिची चित्राची चिप ३१५-५३१३ हीच कन्सोलमध्येही आहे, पण तिचे पाय बारीक आणि पृष्ठभागावर डकवलेले असल्याने गरम हवेच्या स्टेशनचा चांगला सराव हवा.

दात्याची निवड आणि काढणी

सीताबर्डीच्या बाजारात किंवा भंगारात ‘बंद’ म्हणून मिळालेला कन्सोल आधी सुरू करून बघा. मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलच्या अ‍ॅडाप्टरचा मधला टोक ऋण असतो, आणि आपल्याकडे कोणताही अ‍ॅडाप्टर कशालाही लावायची सवय आहे. बऱ्याचदा आतली ७८०५ (पाच व्होल्ट बनवणारी चिप) बदलली की कन्सोल जिवंत होतो. असा जिवंत झालेला कन्सोल फोडू नका, कोणाला तरी खेळायला द्या. उलट ७८०५ आतून शॉर्ट होऊन नऊ-दहा व्होल्ट थेट पुढे गेले असतील, तर त्या बोर्डावरची एकही चिप वापरू नका. ती आज चालेल, उद्याचा भरवसा नाही. उत्तम दाता म्हणजे फुटलेला, पाणी लागलेला, कॅसेटचा स्लॉट मोडलेला, पण पाच व्होल्ट शाबूत असलेला कन्सोल.

काढताना दोन्ही बोर्डांना वेगळा न्याय लावा. कन्सोलचा बोर्ड गेला तरी चालेल, चिप वाचली पाहिजे. म्हणून प्रत्येक पायावर थोडं ताजं ६०/४० सोल्डर वाहू द्या, मग पंपाने ओढा. जुनं कोरडं सोल्डर ताज्याबरोबर एकदम मोकळं होतं आणि चिपला कमी उष्णता लागते. गेमच्या बोर्डावर नेमकं उलटं, चिप मेलेलीच आहे, वाचवायचा आहे तो ट्रॅक. तिथे बारीक कटरने चिपचे सगळे पाय अंगाशी कापा, धड उचलून फेका, आणि उरलेला एकेक पाय चिमट्यात धरून खालून टोक टेकवून काढा. ६८००० चे ६४ पाय एकदम उपटायला गेलात तर भोकांच्या आतलं अस्तर पायाबरोबर वर येतं, आणि मग अनेक ठिकाणी जंपर टाकत बसावं लागतं.

जागा मोकळी झाली की भिंग लावून दोन्ही बाजू बघा, प्रत्येक भोकाची कंटिन्युटी तपासा आणि गोल पिनांचा बेस बसवा. पत्तीचे स्वस्त बेस कूलरच्या हवेत टिकत नाहीत. दात्याच्या चिपचे पाय काळे असतील तर खोडरबरने उजळून मगच बेसमध्ये दाबा. खाचेची दिशा दोनदा पाहा, उलटी बसलेली चिप पहिल्याच क्षणी जाते.

बसवल्यानंतर

चाचणी दुपारीच घ्या. कॅबिनेटचं मागचं दार लावून, पंखा चालू ठेवून, दोन वाजल्यापासून पाच वाजेपर्यंत गेम डेमोवर चालू द्या. सकाळी मोजलेला लांबच्या चिपवरचा व्होल्टेज आणि दुपारचा, दोन्ही दाराच्या आतल्या बाजूला मास्किंग टेप चिकटवून तारखेसह लिहा. पुढच्या वेळी मशीन बिघडलं तर कोणी प्रीसेट फिरवला आहे का, हे त्यावरून लगेच कळतं. कॅबिनेट टेम्पोत घालून रामटेकच्या यात्रेसारख्या ठिकाणी नेणार असाल, तर पोचल्यावर बेसमधल्या चिपा अंगठ्याने एकदा दाबून घ्या, हादऱ्याने त्या वर सरकतात.

पाच व्होल्ट पक्के, कनेक्टर नवा, रॅम योग्य वेगाची, आणि तरीही त्याच जागची रॅम पुन्हा गेली, तर रॅम सोडून तिच्या दोन्ही बाजू पाहा. एकीकडे डेटा बसवरचा ७४एलएस२४५, दुसरीकडे तिची निवड करणारा ७४एलएस१३९ किंवा १३८. २४५ ची दिशा किंवा निवड अडकली की तो आणि रॅम एकाच वेळी एकाच तारेवर विरुद्ध बोलतात, एक पाच व्होल्टकडे ओढतो, दुसरा ग्राउंडकडे, आणि दोघंही तापत राहतात. प्रोब २४५ च्या १ आणि १९ नंबर पायांवर लावा, १ दिशेचा, १९ चालू-बंदचा. गेम चालू असताना १९ कायम खाली चिकटलेला दिसला, तर त्याला इशारा देणाऱ्या चिपपासून शोध सुरू करा. ती ७४एलएस१३९ निघाली, तर बदली तुमच्या त्याच जुन्या टीव्ही गेममध्ये आहे. दोन रॅम काढून ठेवलेला बोर्ड फेकू नका.